समुपदेशक घडतो कसा? दोन वर्षांची पदवी आणि दुसरा ब्रेक

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. खटला होता विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूचा. न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने सांगितलं की, जिथे शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी आहेत अशा प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि त्या व्यक्तीने मुलांच्या व किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेलं असावं. शाळा, कॉलेज, कोचिंग क्लास, वसतिगृह, सगळे यात आले. वेगळा कायदा होईपर्यंत या सूचना कायद्यासारख्याच बंधनकारक आहेत.

तेव्हापासून मला दोन तऱ्हेचे फोन येतात. एक मुख्याध्यापकांचे: "मॅडम, आमच्या मराठीच्या बाईंचा स्वभाव फार चांगला आहे, मुलं त्यांच्याशी बोलतात. त्यांना एखादं सर्टिफिकेट करायला लावलं तर चालेल ना?" दुसरे बहुतेक चाळिशीतल्या बायकांचे. मुलं मोठी झालीत, पूर्वी बी.ए. सायकॉलॉजी केलेलं आहे, आता काहीतरी अर्थपूर्ण करायचंय: "ताई, समुपदेशकाचा कोर्स किती महिन्यांचा असतो?"

दोन्ही प्रश्न मनापासूनचे असतात. मी मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष कामावर देखरेख करते, त्यामुळे मला उत्तर देणं भाग पडतं. पण फोनवर दोन मिनिटांत ते मावत नाही. न्यायालयाने वापरलेल्या 'पात्र' या एका शब्दात नेमकं काय काय येतं, ते इथे सविस्तर सांगते.

शब्दातच उपदेश आहे, कामात नाही

'समुपदेशन' हा शब्द आपण संस्कृतातून घडवला आणि त्याच्या पोटात 'उपदेश' राहून गेला. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं, समुपदेशक म्हणजे चांगला उपदेश करणारा माणूस. नवरा-बायकोचं पटत नाही, मुलगा मोबाइल सोडत नाही, मुलगी जेवत नाही. समुपदेशकाकडे न्यायचं, तो चार गोष्टी समजावून सांगेल आणि माणूस सुधारेल.

प्रत्यक्षात पहिल्या सत्रातच विद्यार्थ्यांना जी सवय मोडावी लागते, ती समजावून सांगण्याची. समुपदेशन म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, गुप्ततेची हमी देऊन केलेलं असं संभाषण, ज्यात समोरच्या माणसाला स्वतःची अडचण नीट दिसू लागते आणि तिच्याबद्दल काय करायचं ते त्याचं तो ठरवू शकतो. बोलण्याचा बहुतेक वेळ त्याचा असतो. समुपदेशक ऐकतो, ऐकलेलं परत मांडून बघतो, अडलेल्या जागी प्रश्न विचारतो. सल्ला अगदी वर्ज्य असतो असं नाही. करिअरच्या बाबतीत माहिती द्यावी लागते, घरात मारहाण होत असेल तर कुठे जायचं ते स्पष्ट सांगावं लागतं. पण सल्ला हा या कामाचा गाभा नाही.

तीन माणसं, तीन वेगळी कामं

पुढे जाण्याआधी एक गोंधळ दूर करू. मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअॅट्रिस्ट, हा डॉक्टर असतो: एम.बी.बी.एस.नंतर मनोविकारशास्त्रात एम.डी. किंवा तत्सम पदवी घेतलेला. औषध तो लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही. मानसिक आजारांचं मूल्यमापन, चाचण्या आणि मानसोपचार हे त्याचं क्षेत्र. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, म्हणजे आर.सी.आय.कडे असते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने स्थापन झाली. तिथे नोंदणी मिळवण्यासाठी एम.ए.नंतर रुग्णालयाशी जोडलेलं दोन वर्षांचं एम.फिल. हा आजवरचा मुख्य रस्ता होता. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल.च मोडीत निघाल्याने आता परिषदेने नवे अभ्यासक्रम आणायला सुरुवात केली आहे.

समुपदेशक तिसरा. तो अशा माणसांबरोबर काम करतो ज्यांचं आयुष्य कुठेतरी अडलंय पण ज्यांना आजार असेलच असं नाही: परीक्षेची धास्ती, जवळच्याचा मृत्यू, लग्नातली कोंडी, नोकरी जाणं, एचआयव्हीचा रिपोर्ट हातात पडणं. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात रक्त तपासण्याआधी आणि नंतर जी व्यक्ती बोलते, ती समुपदेशक. कौटुंबिक न्यायालयात न्यायाधीशांसमोर जाण्याआधी जोडप्याशी बोलणाऱ्या विवाह समुपदेशकही त्यातल्याच. ही पदं कायद्यातूनच आली आहेत. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात त्यांची तरतूद आहे.

या तिघांत लहान-मोठं काही नाही. पण एकाने दुसऱ्याचं काम अंगावर घेतलं तर नुकसान होतं. म्हणून समुपदेशकाच्या शिक्षणाचा मोठा हिस्सा "हे माझ्या हातातलं नाही" हे वेळेत ओळखण्याचा असतो. त्याला आम्ही रेफरल म्हणतो: योग्य माणसाकडे, योग्य शब्दांत पाठवणं. कानात आवाज ऐकू येणाऱ्या मुलाला "सकारात्मक विचार कर" म्हणत तीन महिने घालवले, तर ते तीन महिने त्याच्या उपचारातून वजा होतात.

दोन वर्षांत शिकवतात काय?

नेहमीचा मार्ग असा: मानसशास्त्रात तीन वर्षांची पदवी, मग दोन वर्षांचं एम.ए. किंवा एम.एस्सी., त्यात समुपदेशन मानसशास्त्र हा विशेष विषय. चार वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी नव्या धोरणात एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे. मुंबई विद्यापीठाच्या विभागाच्या तर नावातच उपयोजित मानसशास्त्राबरोबर समुपदेशन केंद्र आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेत उपयोजित मानसशास्त्राचा अभ्यासक्रम आहे आणि तिथेच 'आयकॉल' ही दूरध्वनी-सेवाही चालते. समाजकार्याच्या, म्हणजे एम.एस.डब्ल्यू.च्या वाटेनेही अनेक जण या कामात येतात. शाळेतच काम करायचं असेल तर एन.सी.ई.आर.टी.चा मार्गदर्शन व समुपदेशनाचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे; त्यात सहा महिने दूरस्थ, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग आणि तीन महिने इंटर्नशिप अशी विभागणी असते.

पुस्तकी भागात माणसाची वाढ कशी होते, आजार कसे ओळखायचे, चाचण्या कशा बनतात आणि कुठे फसतात, संशोधनाची आकडेवारी कशी वाचायची, हे सगळं येतं. मग येतात विचारपद्धती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडलं की माणूस बदलायला समुपदेशकाकडून काही मूलभूत गोष्टी मिळाव्या लागतात. समोरच्याच्या जागी उभं राहून त्याचं जग पाहणं ही पहिली. मराठीत तिला समानुभूती म्हणतात. त्याला कोणतीही अट न घालता स्वीकारणं ही दुसरी. आणि समुपदेशकाने आतून एक, बाहेरून एक असं न वागणं ही तिसरी. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास वेगळी वाट धरली: घटनेपेक्षा घटनेबद्दलच्या आपल्या हट्टी समजुती आपल्याला जास्त छळतात, त्या तपासा. ही विवेकनिष्ठ पद्धत महाराष्ट्रात रुजवणाऱ्यांत प्रा. कि. मो. फडके यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. आपल्याकडे संतांपासून समाजसुधारकांपर्यंत विवेकाची भाषा आधीच होती, त्यामुळे ती इथे परकी वाटली नाही, असं मला वाटतं.

हे सगळं वाचून पाठ करता येतं. परीक्षेत चांगले गुणही मिळतात. पण एवढ्यावर कुणी समुपदेशक होत नाही.

दुसरा ब्रेक

मोटार ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आठवा. मागे-पुढे लाल 'एल'. चालवणारा शिकाऊ, पण रस्ता खराच, समोरून येणारी एस.टी. खरी, मध्येच धावत येणारं पोरही खरं. ही गाडी रस्त्यावर आणण्याचं धाडस आपण करतो, कारण शेजारी बसलेल्या शिक्षकाच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो.

समुपदेशकाच्या शिक्षणात या दुसऱ्या ब्रेकला सुपरव्हिजन म्हणतात. विद्यार्थी खऱ्या माणसाबरोबर बसतो. आधी वर्गात एकमेकांबरोबर रोल-प्ले करून झालेला असतो, पण आता समोरचा माणूस खरा, त्याचं दुःख खरं. भेट संपली की विद्यार्थी आठवेल तितकं संभाषण शब्दशः लिहून काढतो, किंवा परवानगी असेल तर ध्वनिमुद्रित करतो. या लिखाणाला आमच्यात व्हर्बेटिम म्हणतात. पाऊण तासाची भेट लिहायला तीन तास लागतात. मग आठवड्याच्या बैठकीत अनुभवी समुपदेशक ओळ न् ओळ वाचतो आणि विचारतो: इथे तू हे का म्हणालीस?

एक प्रसंग सांगते. दोन-तीन वेगवेगळे प्रसंग मिसळून आणि तपशील बदलून तो लिहिला आहे, म्हणजे कुणाला कुणी ओळखू नये. अकरावी सायन्सचा मुलगा, गावातून शहरात क्लाससाठी आलेला. समोर माझी विद्यार्थिनी, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची. तिच्या व्हर्बेटिममधल्या या ओळी:

मुलगा: "वर्गात काहीच कळत नाही, ताई. आणि बाबांनी लोन काढून फी भरलीय."

विद्यार्थिनी: "अरे, सुरुवातीला सगळ्यांनाच अवघड जातं. आपण एक वेळापत्रक बनवू या का?"

मुलगा: "हो."

यानंतर पान भरून वेळापत्रक होतं. मुलगा प्रत्येक ओळीला "हो" म्हणत होता. वरवर पाहता भेट छान झाली होती. विद्यार्थिनीचंही तेच मत होतं.

मी विचारलं, "लोनचं काय झालं?"

ती गप्प झाली. मुलाने दोन गोष्टी सांगितल्या होत्या, एक हलकी आणि एक जड. तिने हलकी उचलली. "सगळ्यांनाच अवघड जातं" हे वाक्य तिने धीर द्यायला म्हटलं, पण मुलाला त्यातून ऐकू आलं ते एवढंच: तुझं काही वेगळं नाही, पुढे चल. नंतरचे सगळे "हो" म्हणजे त्याने मिटून घेतलेलं दार होतं.

मग आम्ही बसून दुसरी वाक्यं शोधली. "वर्गात कळत नाही, आणि तिकडे बाबांचं कर्ज. दोन्ही एकदम डोक्यात असतं का?" किंवा नुसतंच, "लोन काढून..." एवढं म्हणून थांबायचं. दोन शब्द परत करायचे आणि वाट पाहायची. ही कसरत ऐकायला सोपी वाटते. करून बघा. आपल्यापैकी बहुतेकांना तीन सेकंदांची शांतताही सहन होत नाही.

पण सुपरव्हिजनचं खरं काम अजून बाकी होतं. मी तिला विचारलं, "तो लोन म्हणाला तेव्हा तुला काय झालं?" बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मॅडम, माझंही एज्युकेशन लोन आहे. मला तो विषयच नको होता."

अशा वेळी समुपदेशकाची जुनी जखम समोरच्याच्या जखमेला लागते आणि तो नकळत दिशा बदलतो. ही गोष्ट पुस्तकात वाचून स्वतःत दिसत नाही. कुणीतरी शेजारी बसून दाखवावी लागते. ज्याचे वडील दारू पीत होते त्याला दारुड्या नवऱ्याची बाजू ऐकूनच घेता येत नाही. जिने स्वतः घटस्फोट घेतलाय ती प्रत्येकीला निघायची घाई करते, आणि जिने सहन केलंय ती प्रत्येकीला थांबायला सांगते. यातलं कुणी वाईट नसतं. फक्त शेजारी दुसरा ब्रेक नसतो.

म्हणूनच चांगल्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने स्वतःही समुपदेशन घ्यावं असा आग्रह असतो. खुर्चीच्या त्या बाजूला बसल्यावर कळतं की पहिलं वाक्य बोलायला किती बळ लागतं.

"आमच्या आजीने कुठे कोर्स केला होता?"

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो, आणि त्यात तथ्य आहे. वाड्यात, चाळीत, गावात अशी एक तरी बाई असायची जिच्याशेजारी भाजी निवडत बसलं की मन मोकळं व्हायचं. ती ऐकत होती, तिच्यात माया होती, आणि त्याने माणसं सावरली. आजही मित्र, शेजारी, शिक्षक हेच पहिला आधार असतात आणि असायलाच हवेत. प्रत्येक दुःखाला समुपदेशक लागत नाही.

पण आजीची एक बाजू होती. ती त्या घरातली होती. सून तिच्याजवळ रडली तरी मुलाविरुद्ध सगळं बोलू शकत नव्हती. आणि काही गोष्टी तिच्यासमोर उच्चारताच येत नव्हत्या: लहानपणी नात्यातल्या कुणी केलेला स्पर्श, मुलाला मुलगाच आवडणं, लग्नच नको असणं. समुपदेशक घरातला नसतो, हेच त्याचं मोठं भांडवल. त्याचा तुमच्या निर्णयात कोणताही स्वार्थ नसतो, तो तुमच्या लग्नाला येणार नसतो, तुमच्या आत्याला ओळखत नसतो. म्हणूनच समुपदेशकाने नातेवाइकांना, मित्रांना, स्वतःच्या विद्यार्थ्यांना क्लायंट म्हणून घेऊ नये हा नियम आहे. आणि म्हणूनच त्या मुख्याध्यापकांना मी सांगते की मराठीच्या बाई मुलांच्या आवडत्या आहेत ही फार मोलाची गोष्ट आहे, त्यांनी ऐकतच राहावं. पण ज्या हाताने पेपर तपासायचा त्याच हाताने समुपदेशन करायला लावू नका. मुलाला त्या दोन बाई वेगळ्या करता येणार नाहीत.

गुप्तता कुठपर्यंत?

पालक विचारतात, "मुलगा तुमच्याशी काय बोलला ते आम्हाला सांगाल ना? फी आम्ही भरतोय." याचं उत्तर कसं द्यायचं हेही प्रशिक्षणातच शिकायचं असतं. साधारण नियम असा की बोलणं खोलीतच राहतं. पण काही अपवाद असतात आणि ते पहिल्याच भेटीत, साध्या शब्दांत सांगायचे असतात. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर जवळच्यांना सांगावं लागतं. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. ही माहिती नसलेला समुपदेशक मुलीला आधी "कुणाला सांगणार नाही" असं वचन देतो आणि मग ते मोडतो. त्या मुलीचा दुसऱ्यांदा विश्वासघात होतो.

आत्महत्येच्या विचारांबद्दलही असंच. नवख्या माणसाला वाटतं, विचारलं तर समोरच्याच्या मनात नसलेलं आपणच घालू. तसं होत नाही. "जगू नये असं वाटतं का? कसं करायचं याचा विचार केलाय का?" हे शांत आवाजात, सरळ विचारायला शिकावं लागतं, कारण विचारल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. आवाज न थरथरता हे विचारता यावं म्हणून आम्ही वर्गात ते पुन्हा पुन्हा म्हणवून घेतो. (वाचणाऱ्यांपैकी कुणी आज अशा अवस्थेत असेल तर टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आहे, मराठीतूनही बोलता येतं.)

मग तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटचा काही उपयोग नाही का?

आहे, जर ते स्वतःच्या आहे त्या कामात वापरण्यासाठी असेल. शिक्षक, नर्स, आशाताई, वसतिगृहाचे अधीक्षक, मनुष्यबळ विभागातली माणसं यांनी ऐकायला शिकावं, धोक्याची चिन्हं ओळखायला शिकावं, कुणाकडे पाठवायचं ते शिकावं. त्यासाठी अल्प मुदतीचे वर्ग उत्तम. प्रथमोपचार शिकलेला माणूस अपघातात जीव वाचवू शकतो. फक्त त्याने दवाखान्याची पाटी लावू नये.

अडचण पाटीची आहे. शनिवार-रविवारच्या कोर्सनंतर मिळालेल्या कागदावर मोठ्या अक्षरांत 'काउन्सेलर' लिहिलेलं असतं, खाली एखाद्या भारदस्त 'कौन्सिल'चा शिक्का असतो. नावात कौन्सिल किंवा राष्ट्रीय असं काही असलं म्हणून ती संस्था कायद्याने स्थापन झालेली असतेच असं नाही. शिक्का कोणाचा आणि कोणत्या कायद्याखाली, हे विचारायला लाजू नका.

घरी बसून एम.ए. करणाऱ्यांसाठीही चित्र बदललं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्रासह आरोग्याशी जोडलेल्या विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून नव्या प्रवेशांसाठी बंद केले. हा निर्णय अनेकांना, विशेषतः नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्या बायकांना आणि आडगावच्या मुलांना फार लागला, आणि त्यांचं दुःख मला समजतं. त्यांच्यासाठी संध्याकाळचे वर्ग, जिल्ह्याच्या ठिकाणची केंद्रं अशा सोयी व्हायला हव्यात. पण निर्णयामागचं कारण मला पटतं. पोहणं पत्राने शिकवता येत नाही.

कायदा काय म्हणतो?

इथे वाचकांनी जरा सावध राहावं. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका, मनोविकार समाजकार्यकर्ता या सगळ्यांची व्याख्या करतो. साध्या समुपदेशकाला त्या यादीत जागा नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं कुणीही पाटी लावू शकत होतं. २०२१ मध्ये संबद्ध आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला. त्याच्या परिशिष्टात मानसशास्त्रज्ञ, आरोग्य समुपदेशक, समाजकार्यकर्ते यांना प्रथमच व्यवसाय म्हणून स्थान मिळालं, आणि अभ्यासक्रम, नोंदणी व राज्य परिषदा यांची चौकट कागदावर आली. ती पूर्णपणे उभी राहायला वेळ लागतो आहे. तोपर्यंत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मागणी अचानक वाढली आणि पात्रता तपासणारी यंत्रणा मागे राहिली. धोका नेमका या फटीत आहे.

आणि मागणी खोटी नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांतले ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत असं दिसलं होतं. इतकी मोठी दरी पाहिली की पटापट माणसं तयार करण्याचा मोह होतो. मला तो मोह समजतो, पण विहिरीत दोर कमी पडतोय म्हणून कच्चा दोर जोडून चालत नाही.

इतर देशांत काय चालतं?

ब्रिटन-अमेरिकेतली मराठी मुलं कधी कधी विचारतात की इथली पदवी तिकडे चालेल का. तिथली मोजपट्टी बघितली की उत्तर मिळतं. अमेरिकेत मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात १०० तासांचा प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा सराव, आणि वर ६०० तासांची इंटर्नशिप लागते. पदवीनंतर परवान्यासाठी देखरेखीखाली हजारांत मोजावे लागणारे तास वेगळे, आणि ते राज्यागणिक बदलतात. ब्रिटनमध्ये 'काउन्सेलर' ही उपाधी कायद्याने राखीव नाही, पण तिथली व्यावसायिक संघटना सदस्यत्वासाठी किमान १०० तास देखरेखीखालचं काम मागते, आणि पुढे काम चालू असेपर्यंत महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन. वीस वर्षं काम केलेल्यालाही. म्हणजे तिथे दुसरा ब्रेक कधीच काढून टाकत नाहीत.

आपल्याकडे महाराष्ट्रातल्या नव्या पदव्युत्तर रचनेत प्रत्यक्ष कार्यानुभवाला साधारण चार श्रेयांक (क्रेडिट) आहेत, म्हणजे सुमारे १२० तास. त्यातले किती तास खऱ्या क्लायंटसमोर आणि किती फायली लावण्यात जातात, हे प्रत्येक विभागावर अवलंबून.

मराठीतून का नाही?

हे माझं स्वतःचं दुखणं आहे. विद्यार्थी इंग्रजीतून शिकतात आणि मराठीतून ऐकतात. 'अँग्झायटी'ची लक्षणं त्यांना पाठ असतात, पण समोरची बाई "जीव घाबरा होतो", "छातीत धडधडतं", "अंगात कसनुसं होतं", "डोकं भणाणतं" म्हणते. "मला नैराश्य आलंय" असं कुणी म्हणत नाही, म्हणतात, "कशातच राम वाटत नाही." साताऱ्याची बाई, वऱ्हाडातला शेतकरी, डोंबिवलीचा आयटीवाला, पणजीतली विद्यार्थिनी, प्रत्येकाची दुःखाची भाषा निराळी. ठाण्याच्या आय.पी.एच. (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) सारख्या संस्थांनी १९९० पासून मनाबद्दल मराठीतून बोलण्याची सवय लोकांना लावली, हे मोठं काम आहे. विद्यापीठांच्या वर्गात मात्र व्हर्बेटिम अजूनही इंग्रजीत भाषांतर करून आणतात. मी ते मराठीतच आणायला सांगते. भाषांतरात "हो" चं "यस" होतं आणि तो "हो" कसा म्हटला गेला ते हरवतं.

प्रवेश घेण्याआधी

त्या चाळिशीतल्या ताईंना मी शेवटी एवढंच सांगते की फी विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. खऱ्या क्लायंटसमोर किती तास बसायला मिळेल? त्या कामावर देखरेख कोण करणार, आणि एका देखरेख करणाऱ्याकडे किती विद्यार्थी असतात? आणि काही चुकलं तर त्या क्लायंटची जबाबदारी कोण घेईल? याची सरळ उत्तरं मिळाली तर बाकी अभ्यासक्रम थोडा कमी-जास्त असला तरी चालतो. उत्तराऐवजी माहितीपत्रक हातात ठेवलं तर दुसरीकडे जा. वयाची काळजी करू नका. आयुष्याचे चार फटके खाल्लेले लोक या कामात चांगले असतात, फक्त ते फटके त्यांनी कुणाच्या तरी मदतीने नीट पाहिलेले असावेत.

स्वतःसाठी समुपदेशक शोधणाऱ्यांनीही हेच विचारावं: शिक्षण काय, आणि सध्या तुम्ही कुणाकडे सुपरव्हिजनला जाता? चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नाचा राग येत नाही.

ती विद्यार्थिनी तीन आठवड्यांनी पुन्हा त्याच मुलाचं व्हर्बेटिम घेऊन आली. दुसऱ्या पानावर मुलगा म्हणाला होता, "काल बाबांचा फोन आला होता." त्याखाली तिने कंसात लिहिलं होतं, (शांतता), आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत: 'इथे मला बोलायचं होतं. बोलले नाही.' पुढची ओळ मुलाची होती. "ताई, मला सायन्स सोडायचंय. पण त्यांना कसं सांगू?"